भिंगरीच्या पोटात कोणी काय घातलं

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या खाण्याची नोंद ठेवायला सांगितली आहे. ती फ्रिजच्या दारावर लावली आहे, नवऱ्याच्या वळणदार अक्षरात, कोणीही वाचावी अशी. ही वही वेगळी. उरल्यासुरल्या कागदांचे फर्मे शिवून मीच बांधली. पुस्तकं बांधणं हा माझा धंदा, तेव्हा एक वही स्वतःसाठी बांधली तर कोणाचं काही जात नाही. घरात जे बोललं की तोंडं फुगतात ते इथे लिहीन.

तर लेकीच्या दुखण्याला शेवटी नाव मिळालं. सीलियाक. गव्हातलं नि जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. आतड्याच्या आतली लव झिजून गेली आहे, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. सात वर्षांची आहे आणि पाच वर्षांच्या मुलीचे कपडे तिला अजून होतात. सारखी गरगर फिरायची म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायला लागलो. आता जिना चढून आली की वरच्या पायरीवर बसून राहते. त्या नावाने हाक मारताना मला कसंतरीच होतं.

गहू जन्मभर बंद. कणभरसुद्धा नाही. तसं पाळलं तर आतडं भरून येईल आणि पोर वाढीला लागेल, असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "पण डॉक्टर, दात आल्यापासून ही पाव-बिस्किटं खातेय. मग मध्येच हे कुठून आलं?"

"त्यासाठी काही जनुकं लागतात, ती हिच्यात आहेत. पण ती पुष्कळ लोकांत असतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही," त्या म्हणाल्या. "गहू तर सगळेच खातात. म्हणजे आणखी काहीतरी लागतं. लहानपणी पोटाला झालेला एखाद्या विषाणूचा संसर्ग हे त्यातलं एक असावं, असं संशोधकांना वाटतं. आतडं विषाणूशी झगडत असतं, त्याच वेळी गहू समोर येतो आणि शरीर त्यालाही शत्रू समजून बसतं. आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचाही यात हात असावा. पण हे पुष्कळ मुलांना तपासून बांधलेले अंदाज आहेत. एकट्या तुमच्या मुलीबद्दल असं बोट ठेवून नाही सांगता येत."

त्यांना नसेल सांगता येत. मला येतं.

१० फेब्रुवारी

भिंगरी दोन वर्षांची असताना तिला अशा जुलाब-उलट्या झाल्या होत्या की दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागलं. तेव्हा ती दिवसभर कुठे असायची? तिच्या आत्याच्या पाळणाघरात. नवऱ्याची थोरली बहीण, आम्ही दोघंही तिला ताईच म्हणतो. दोन गल्ल्या पलीकडे तिच्या घरात खालच्या मजल्यावर हे पाळणाघर. एका चटईवर डझनभर पोरं, कोणाचं नाक वाहतंय, कोण दुसऱ्याचा चमचा चोखतंय. त्या आठवड्यात तिथली निम्मी पोरं आजारी होती, हे मला पक्कं आठवतं.

नवऱ्याला म्हटलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे बोलताना मध्येच अडकून राहायची सवय त्याला लागली आहे. बऱ्याच वेळाने म्हणाला, "दवाखान्यात सगळ्या रात्री ताईच बसली होती तिला मांडीवर घेऊन."

बसली होती ना. का बसली होती, हाच तर प्रश्न आहे. मनाला काहीतरी टोचत असल्याशिवाय माणूस एवढं करत नाही.

१६ फेब्रुवारी

स्वयंपाकघर धुऊन काढलं. पिठाचा डबा गेला, चाळणी गेली, टोस्टर गेला, लाकडी चमचे गेले. नवीन तवा आणला, त्याला कोणी हात लावायचा नाही. नवरा म्हणाला, "मलाही एकदा उकळून घे." मी हसले नाही. चेष्टेवर नेलं की माणसं ढिली पडतात.

शाळा सुटल्यावर भिंगरी संध्याकाळपर्यंत पाळणाघरात असायची, तेही बंद. कोणाच्या घरून काय चिकटून येईल सांगता येत नाही. माझ्या कामाच्या खोलीत, खिडकीखाली, तिचं छोटं टेबल मांडलं. एका बाजूला दाबयंत्र, दुसऱ्या बाजूला पुठ्ठे, मध्ये ती. पोरगी माझ्या डोळ्यांसमोर असली की मला काळजी नाही.

तिच्यासाठी म्हणून मी कागद चिकटवायच्या खळीत मोरचूद घालणंही बंद केलं आहे. किडा लागू नये म्हणून बाइंडर लोक ते विष घालतातच. माझी आई घालायची, मीही घालत आले. पण आता पोर रोज शाळेनंतर बाजूला असणार. रोज सकाळी थोडीच ताजी खळ शिजवीन, कामाच्या खोलीतल्या शेगडीवर, आणि संपवीन. वेळ जातो, पण जीव निवांत राहतो.

३ मार्च

नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात पावाचा चुरा. धुवायला टाकताना सापडला.

तो मान खाली घालून म्हणाला, "कामाच्या जागी खाल्ला गं. उभ्याउभ्या, गच्चीवर. हात धुऊन आलो."

"आणि खिसा? खिसा कोण धुणार?"

त्याने बाहेरच्या जिन्यात शर्ट झटकला. मग तिथेच बराच वेळ उभा राहिला. मला वाईट वाटलं, पण मी आत बोलावलं नाही. एकदा सोडून दिलं की उद्या पुन्हा.

२१ एप्रिल

आजचा दिवस चांगला गेला. एका वाचनालयाची जुनी पुस्तकं आली आहेत. कणे सुटलेले, पानं मोकळी झालेली. भिंगरीला कण्यावर चिठ्ठ्या चिकटवायला दिल्या. काय हात आहे पोरीचा! चिठ्ठी उताणी धरायची, बोटाने खळ फिरवायची, बरोबर मध्ये दाबायची. पानं उलटून आकडे लागोपाठ आहेत का तेही बघते, थेट माझ्या आईसारखी, बोट जिभेला लावून. माझ्या आईच्या हाताखाली मी अशीच शिकले. खोलीत फक्त आम्ही दोघी आणि कागदाचा वास. कोणाची शिंक नाही, कोणाचा डबा नाही.

संध्याकाळी ताई आल्या. तांदळाच्या पिठाचा केक करून आणला होता, भिंगरीला आवडतो म्हणून. मी विचारलं, "साचा कुठला वापरला?"

"नवीन आणलाय हो बाई. पॅकिंगसकट दाखवू?"

"आणि ओव्हन?"

त्यांनी केक टेबलावर ठेवला. भिंगरीची पापी घेऊन गेल्या. केक मी कागदात गुंडाळून टाकून दिला. भिंगरीने ते पाहिलं, पण मुकाट्याने चिठ्ठ्या चिकटवत राहिली. समंजस आहे.

२८ जुलै

रक्ताचा अहवाल आला. उतरायला हवा होता तो आकडा जिथल्या तिथे आहे, उलट थोडा वरच. डॉक्टरीणबाईंनी तीन-तीनदा विचारलं. घरात गहू? नाही. औषधाच्या गोळ्या? नाही. टूथपेस्ट? बघितली. शाळेतला डबा? मीच भरते.

"मग कुठून तरी पोटात जातंय," त्या म्हणाल्या. "असंच चाललं तर हाडं कच्ची राहतील, उंची अडेल. आत्ता वाढीचं वय आहे. गेलं की गेलं."

घरी येताना भिंगरी बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपली. तिचं डोकं इतकं हलकं लागलं की मला रडू आलं. कुठून तरी पोटात जातंय. म्हणजे कोणीतरी घालतंय.

३० जुलै

पाणी कुठे मुरतंय ते आज काढलंच. रविवारी दुपारी भिंगरी बापाबरोबर तासभर ताईंकडे जाते. मी मना करूनही जाते. आज मी मागून गेले आणि न सांगता आत शिरले. ताई भिंगरीला भरवत होत्या. भातच होता, मान्य. पण शेजारच्या ताटलीत बिस्किटं होती. रविवारी ठेवलेल्या दुसऱ्या पोरांची म्हणे.

माझ्या तोंडाचा ताबा सुटला. "आधी विषाणू दिलात, आता बिस्किटं देताय?"

"कसला विषाणू?"

"ती दोन वर्षांची असताना. तुमच्याच चटईवरून उचलला तिने. तिथूनच हे सगळं सुरू झालं. डॉक्टर म्हणाल्यात."

असं डॉक्टर म्हणाल्या नव्हत्या, हे नवऱ्याला माहीत होतं. पण तो मूग गिळून बसला. ताईंचा चेहरा पांढरा पडला. काहीतरी बोलणार होत्या, ओठ हललेही. मग भिंगरीकडे बघून गप्प झाल्या. मी नेमकं ते हेरलं. निर्दोष माणूस गप्प बसत नाही.

सांगून आले, पुन्हा आमच्या दाराशी यायचं नाही.

११ ऑगस्ट

शाळेतूनही रजा घेतली. तिथे कोण काय पुढे करेल याचा नेम नाही. आता दिवसभर माझ्याजवळ. पोट पुन्हा दुखतंय. तोंड आलंय. चिठ्ठ्या मात्र चिकटवते.

२ सप्टेंबर

भिंगरी माझ्याहून पक्की झाली आहे. आज वाचनालयाचा शिपाई पुस्तकं न्यायला आला, तर दारातच त्याला म्हणाली, "हात दाखवा. काय खाल्लंत? घरात कोणाला जुलाब झालेत का?" तो बिचारा गांगरला आणि हात पुढे करून उभा राहिला. मला हसू आवरेना. तो गेल्यावर तिला जवळ घेतलं. म्हटलं, "शाबास! कोणावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही."

"आत्यावर?"

"आत्यावर तर नाहीच."

"बाबांवर?"

मी म्हटलं, आधी खिसे बघायचे.

१५ सप्टेंबर

लिहायला हात होत नाही. पण लिहिते.

आकडा आणखी चढला. पोटात पुन्हा दुर्बीण घालावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी माझी सगळी व्यवस्था सांगितली. शाळा बंद, आत्या बंद, नवरा बाहेर कपडे बदलून आत येतो, पोरगी दिवसभर माझ्या नजरेखाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग मला सोडून भिंगरीशी बोलायला लागल्या.

"दिवसभर घरी काय करतेस गं?"

"आईला मदत करते. पुस्तकांना चिठ्ठ्या लावते."

"कशा लावतेस? मला दाखव बरं."

टेबलावर त्यांची एक जाडी फाइल होती. भिंगरीने ती पुढे ओढली. हवेतल्या वाटीत बोट बुडवलं, हवेतल्या चिठ्ठीवर फिरवलं, फाइलवर दाबलं. मग तेच बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. पुन्हा बोट, पुन्हा जीभ, पुन्हा पान. चांगलं काम करून दाखवायचं म्हणून अगदी मन लावून.

"वाटीत काय असतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तिला नाही, मला.

मी म्हटलं, "खळ."

"कशाची?"

आजपर्यंत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. खळ म्हणजे काम. खळ म्हणजे खाण्याची वस्तू नव्हेच. ती स्वयंपाकघरात नसते, ताटात नसते, फ्रिजवरच्या नोंदीत नसते. सगळं घर मी धुऊन काढलं आणि कामाच्या खोलीत मैद्याचं पोतं तसंच उभं राहिलं. मी स्वतः रोज सकाळी शिजवत होते. तिच्यासाठी ताजी. तिच्यासाठी बिनविषारी.

"मैद्याची," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भिंगरीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे. "मैदा म्हणजे गहूच ना गं आई?" एवढंच म्हणाली.

१६ सप्टेंबर

मैद्याचं पोतं देऊन टाकलं. खोली तीनदा पुसली. तयार गोंद आणला आहे, वास घाणेरडा आहे. भिंगरीचं टेबल बाहेर काढलं. नवरा टेबलाचं दुसरं टोक धरायला आला, तेव्हा मी म्हटलं, "बोल ना काहीतरी." तो म्हणाला, "काय बोलू?" आणि टेबल उचललं.

२० सप्टेंबर

ताईंकडे गेले. एकटीच. पोरं झोपली होती, त्या ओट्याशी बाटल्या उकळत होत्या. मी दारातूनच सगळं सांगून टाकलं. खळ, मैदा, बोट, जीभ. त्यांनी गॅस बंद केला.

"बस," म्हणाल्या. मी बसले.

"ताई, चुकलं माझं."

"चुकलंच. चारचौघांसारखं नाही चुकलं, चांगलं भरभक्कम चुकलं." मग म्हणाल्या, "तो बिस्किटांचा राग माझा गेला गं. मला लागलं ते दुसरंच, ते विषाणूचं."

"डॉक्टर तसं म्हणाल्या नव्हत्या. मीच..."

"ते माहितेय मला. तुझा नवरा सांगून गेला त्याच दिवशी." त्या माझ्यासमोर खाली बसल्या. "त्या वेळी या घरात पहिली उलटी भिंगरीने केली होती. सकाळी तू सोडून गेलीस आणि तासाभरात. बाकीची पोरं दोन दिवसांनी पडली. दोघांच्या आयांनी पोरं काढून घेतली. मी कोणाला सांगितलं नाही की सुरुवात कोणापासून झाली. तुला तर नाहीच नाही. तू आधीच अर्धी झाली होतीस."

म्हणजे आमच्याच घरून. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार कोणता आला? की त्या आठवड्यात नवरा कुठल्या दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त करत होता. हा विचार मनात आल्याचं मला कळलं आणि माझी मलाच भीती वाटली.

"मग तेव्हा, जुलैत, सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

"पोरीसमोर?" ताई म्हणाल्या. "तिला काय वाटलं असतं, की तिच्यामुळेच झालं? आणि त्याच विषाणूमुळे झालं हे तरी कोणाला माहीत आहे? तुला कोणीतरी हवं होतं. माझं नाव चालत होतं, चालू दिलं."

मी तिथे बसून रडले. त्यांनी रडू दिलं, पाठीवरून हात फिरवला नाही. मला ते बरोबर वाटलं.

१९ जानेवारी

आकडा उतरला. चांगला निम्म्याहून खाली. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "आता हिचे कपडे लवकर लवकर बदलावे लागतील." वजन वाढलंय, शाळा सुरू आहे, तोंड येत नाही. काल जिना पळत चढली. मी खाली उभी राहून नुसती ऐकत होते. इतके महिने याच आवाजासाठी जीव टांगणीला लागला होता.

आज तिला घेऊन ताईंकडे गेले. जुलैनंतर पहिल्यांदाच. ताईंनी सकाळपासून पाळणाघर पुसलं होतं, बिस्किटांचा डबा वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला होता, चटई बदलली होती. दार उघडलं, दोन्ही हात पसरले आणि म्हणाल्या, "ये गं माझी बाय."

भिंगरी उंबऱ्याबाहेरच थांबली. आत डोकावली. "कोणाला जुलाब झालेत?"

"नाही गं राणी."

"सर्दी?"

"एकाला आहे जराशी."

"मग मी नाही येत. आत्या, तुझे हात दाखव."

ताईंनी पसरलेले हात तसेच उलटे करून दाखवले. भिंगरीने वाकून, नखांपर्यंत नीट पाहिले. ताईंच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी घाईघाईने म्हटलं, "अगं, आत्या आहे ती. तुझी आत्या. चल आत, मी आहे ना," आणि तिचा हात धरायला गेले.

तिने माझ्या बोटांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. रागाने नाही, भांडणाने नाही, अगदी शहाण्या मुलीसारखा. मग दप्तराचा एक पट्टा खांद्यावरून काढून माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "आई, तू हे धर."

मी पट्टा धरला. आम्ही तशाच आत गेलो.